तुम्ही विचारलंत म्हणून : मी सगळ्यांबरोबर जेवायला का बसत नाही

"सगळे जेवायला बसले की तू नेमकी कुठे गायब होतेस?" इतक्या जणांनी विचारून झालंय की आता एकदाचं सांगून टाकते. भूक नाही, काम उरकायचंय, डाएट चालू आहे, ही सगळी उत्तरं खोटी होती. मला दुसऱ्याच्या चावण्याचा आवाज सहन होत नाही.

"तो कुणाला आवडतो?" असं लगेच म्हणू नका. तुम्हाला किळस येते, मला संताप येतो. छाती धडधडते, मुठी वळतात, समोरचा मुद्दाम करतोय असं वाटतं. तो मुद्दाम करत नाही हे त्याच क्षणी कळतही असतं, पण कळून काही होत नाही. कान तिखट म्हणाल तर तेही नाही. हॉर्न वाजोत, ड्रिल चालो, मी शांत झोपते. आणि परक्यापेक्षा घरच्या माणसाचा आवाज जास्त झोंबतो. हे मला आजही कुणाला समजावता आलेलं नाही.

बाबांना कवळी बसली तेव्हा मी तिशीत होते. प्रत्येक घासाला टक् व्हायचं. आठवडाभर मी दात आवळून बसले आणि एका रात्री म्हणाले, "बाबा, जरा तोंड मिटून खा ना." आवाज चढला होता. ते "बरं" म्हणाले. त्यानंतर ते हळू चावू लागले, मग मऊच खाऊ लागले, मग "मला खोलीतच बरं पडतं" म्हणून ताट आत नेऊ लागले. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते.

एकदा कसलीशी किल्ली शोधत मी त्यांच्या खोलीत शिरले. ते पलंगाच्या कडेला बसून जेवत होते. मला बघताच त्यांचा जबडा थांबला. घास तसाच गालात, डावा गाल फुगलेला, चमचा हवेत. माझ्याकडे बघत, मी बाहेर जायची वाट पाहत ते तसेच बसून राहिले. मी कपाट उघडलं, उगाच दोन कप्पे चाळले. एवढ्या वेळात त्यांनी तो घास गिळलासुद्धा नाही.

याला मिसोफोनिया म्हणतात हे मला बाबा गेल्यावर कळलं. शब्द २००१चा, मार्गारेट आणि पावेल जास्ट्रेबॉफ या संशोधकांनी दिलेला. २०१७ मध्ये मेंदूवर संशोधन करणारे सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माझ्यासारख्यांना स्कॅनरमध्ये असे आवाज ऐकवले, तेव्हा मेंदूतला इन्सुला हा भाग इतरांपेक्षा खूपच जास्त पेटलेला दिसला, हृदयाचे ठोकेही वाढले. मी त्याची प्रिंट काढून भावाच्या हातात ठेवली. बघ, मी दुष्ट नव्हते. त्याने वाचली आणि म्हणाला, "पण बाबांना तर हे माहीत नव्हतं ना."

मी तेव्हा त्याच्याशी भांडले. आज भांडले नसते, पण तो पूर्ण बरोबर होता असंही म्हणणार नाही. संताप माझ्या हातात नव्हता. "मला त्रास होतो, तुमचं काही चुकत नाही" एवढं वाक्य मात्र हातात होतं. की तेही नव्हतं? स्वतःलाच न कळलेलं त्यांना काय सांगणार होते?

२०२१ मध्ये कुमार यांच्याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली. हे आवाज ऐकताना ओठ-जबडा हलवणारा मेंदूचा भाग जागा होतो, जणू दुसऱ्याचं चावणं आपल्याच तोंडात शिरतं. काहींना त्या आवाजाची नक्कल केली की थोडं हायसं वाटतं. हे वाचून मी सुन्न झाले. लहानपणी मी बाबांच्या घासाला घास जुळवून चावायची आणि आई रागवायची, "चिडवतेस का त्यांना?"

शेवटच्या वर्षात बाबांनी माझ्या नकळत दोनदा जाऊन कवळी घासून, बसवून आणली होती. दुसऱ्यांदा आणल्यावर ते बऱ्याच महिन्यांनी टेबलाशी येऊन बसले. दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आता येत नाही ना गं आवाज?"

येत होता. मी "नाही बाबा" म्हणाले आणि पाणी आणायला उठले. तांब्या टेबलावरच होता.