आमची वाटचाल: आधी पत्रा, मग मोटर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप सुरू झालं ते डेंटिंग-पेंटिंगवर. जुन्या गाड्या येत, त्यात सगळ्यात जास्त प्रीमियर पद्मिनी. १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट नावानं निघालेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण घराघरांत आजोबांची गाडी म्हणून ठेवलेल्या पद्मिन्या अजून खूप आहेत. इंजिन जाम, टाकीत गंज, कार्ब्युरेटर हरवलेला. अशा गाड्यांचं इंजिन काढून त्या बॅटरी आणि मोटरवर चालवायच्या, म्हणजे इलेक्ट्रिक करायच्या, कामात आम्ही उतरलो.

तेव्हा आमचा अंदाज होता की वेळ मोटर आणि बॅटरी बसवण्यात जाईल. आज एका गाडीला जेवढे दिवस लागतात, त्यातले निम्म्याहून जास्त पत्र्यात जातात, आणि ते तसेच जायला हवेत. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दरवाजाखालची सिल कुजली की बॅटरी पॅकचं वजन पेलणारं काही उरत नाही.

गाडी आली की आधी सीट, मॅट आणि डांबराचे जुने थर काढतो. सिल, जॅक लावायची जागा, पायाखालची फरशी, डिकीचा तळ आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा ट्रे इथे टोच्यानं टोचून बघतो. वरून पत्रा चांगला दिसतो आणि टोच्या आरपार जातो, कारण आधीच्या कोणीतरी भोकावर लांबी (पुटी) भरून रंग मारलेला असतो. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून आधार देतो. हे टाळलं तर सिल कापताच बॉडी मधोमध बसते आणि दरवाजे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. फरशीला २० गेज आणि सिलला १८ गेजचा सीआरसीए (कोल्ड-रोल्ड) पत्रा वापरतो. सीओटू वेल्डिंगचे टाके २०-२५ मिलिमीटरचे, एक इथे तर दुसरा दूर, नाहीतर उष्णतेनं पत्रा फुगतो. सिल बंद करण्याआधी आतून प्राइमर आणि बंद झाल्यावर भोकातून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण. बाहेरून कितीही चांगला रंग दिला तरी गंज आतूनच सुरू होतो.

मोटरच्या बाबतीत पहिला प्रश्न गिअरबॉक्स ठेवायचा की काढायचा. हिशेब असा. चार माणसं बसलेली गाडी १३०० किलो धरली, तर १५ टक्के चढावर ती फक्त ओढायलाच सुमारे १९०० न्यूटन लागतात. रस्त्याचं घर्षण धरून २१००. चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर, म्हणजे चाकावर ६०० न्यूटन-मीटर. डिफचं (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं) गुणोत्तर ४.३ च्या आसपास, म्हणून मोटर थेट डिफकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जोडली तर तिला १४० न्यूटन-मीटर सतत द्यावे लागतील. दुसऱ्या गिअरमध्ये तेच काम निम्म्याहून कमी टॉर्कवर होतं. म्हणून आम्ही गिअरबॉक्स ठेवतो आणि २० किलोवॉटची मोटर घेतो. स्टिअरिंगवरचा गिअर दांडाही जागेवर राहतो, आणि मालकांना तो हवाच असतो. गुणोत्तर कागदावरून घेऊ नका. मागची दोन्ही चाकं उचला, दोन्ही एकाच दिशेनं एक पूर्ण फेरी फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. जुन्या गाड्यांत डिफ बदललेला असू शकतो.

मोटर आणि गिअरबॉक्सच्या मधली प्लेट उद्यमनगरातच करून मिळते, १६ मिलिमीटर अॅल्युमिनियमची. खरी चूक कपलरमध्ये, म्हणजे मोटर आणि गिअरबॉक्सचे शाफ्ट जोडणाऱ्या भागात होते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक मूळ गाडीत क्रँकशाफ्टच्या पायलट बुशमध्ये टेकलेलं असतं. इंजिनाबरोबर तो आधारही जातो. कपलरमध्ये तसाच बुश बसवला नाही, तर शाफ्ट आतल्या आत डुलतो आणि आधी आवाज, मग बेअरिंग, मग गिअरचे दात जातात. डायल गेज लावून ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फेक (फिरताना शाफ्टचं बाजूला सरकणं) दिसली तर प्लेट परत लेथवर.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. १५० अँपिअर-अवरचे ३० सेल एका रांगेत जोडले की ९६ व्होल्ट आणि १४.४ युनिट. शहरात किलोमीटरला साधारण १२५ वॉट-तास लागतात, आणि पॅकमधलं ८५ टक्केच वापरायचं ठरवलं तर ९५ किलोमीटरच्या आसपास धाव मिळते. याहून जास्त सांगून आम्ही काम घेत नाही.

सुरुवातीला सगळे सेल डिकीत टाकायचो. ती चूक होती. मागचे पाटे सपाट झाले, स्टिअरिंग हलकं पडलं, हेडलाइट झाडांवर. आता बोनेटखाली १८ सेल आणि टाकीच्या जागी १२. इंजिन काढण्याआधी आणि काम झाल्यावर चारही चाकांखाली वेगळे काटे ठेवून वजन घेतो. रिकामी पद्मिनी ८९५ किलोच्या जवळपास असते, पुढच्या-मागच्या वजनाचं प्रमाण मूळच्याइतकंच ठेवायचं. दोन पेट्यांमधली ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल फरशीच्या मधल्या बोगद्यातून जाते, आणि फ्यूज दोन्ही पेट्यांत, कारण केबल वाटेत कुठे घासली तर दोन्ही बाजूंनी करंट येतो.

सेलच्या टर्मिनलचे नट टॉर्क रेंचशिवाय कोणी आवळायचे नाहीत. जास्त आवळला तर मऊ अॅल्युमिनियममधून स्टड उपटतो, सैल राहिला तर तापतो. जोडाचा अर्धा मिलिओम रोध म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण २०० अँपिअरला त्याच एका जोडावर २० वॉट उष्णता निघते. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर प्रत्येक गाडी परत बोलावतो आणि चढावरून चालवून आणून थर्मल कॅमेऱ्यानं जोड बघतो.

काँटॅक्टर (बॅटरीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा प्री-चार्ज, म्हणजे आधी हळूहळू वीज भरणं, नीट नसणं हे असतं. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना पूर्ण व्होल्टेज एकदम दिलं तर ठिणगी पडून टोकं वेल्ड होतात. १०० ओमचा रेझिस्टर आणि १०,००० मायक्रोफॅरड असतील तर एक सेकंदाचा काळ, असे तीन सेकंद गेल्यावर ९५ टक्के भरतात. त्याआधी मुख्य काँटॅक्टर ओढू द्यायचा नाही.

९६ व्होल्टचं कुठलंही टोक बॉडीला लागता कामा नये. १२ व्होल्टची अर्थ मात्र मूळप्रमाणे बॉडीलाच. मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) ५०० व्होल्टवर तपासतो, पण बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) आणि कंट्रोलर आधी सोडवून, नाहीतर तेच जळतात. नियमाला इन्सुलेशनचा रोध व्होल्टमागे १०० ओम पुरतो, आम्ही एक मेगओमच्या खाली गाडी सोडत नाही. कोल्हापूरच्या पावसात केबल ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली सील) उलटा बसवला असेल तर पाणी आत उतरतं आणि हाच आकडा सगळ्यात आधी पडतो.

घाट उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्र सांगतो. पाचगणीत रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरलात, तर रिजनरेशनची, म्हणजे मोटरनं गाडी रोखताना तयार होणारी, वीज घ्यायला पॅकमध्ये जागाच नसते. बीएमएस तोडते आणि गाडीचा अर्धा ब्रेक अचानक जातो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हे गंभीर आहे. अशा गाड्यांचा चार्जर सेलमागे ३.६५ ऐवजी ३.४५ व्होल्टवर थांबवतो, वर अजून थोडं रिकामं ठेवायला चार्जिंगची वेळ बांधून देतो, आणि ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडर, होज नवे घातल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. चार्जर १२ अँपिअरवर ठेवतो, सहा तास लागतात. घरातला जुना १५ अँपिअरचा सॉकेट त्याहून जास्त सहा तास सोसत नाही, वितळतो.

कागदपत्रांचं काम इंजिनाला हात लावण्याआधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंधन बदलाची नोंद आरसीवर व्हावी लागते, आणि ती एआयएस-१२३ या इलेक्ट्रिक किटच्या मानकाप्रमाणे मान्यता मिळालेल्या किटचीच होते. स्वतः जुळवलेल्या सुट्या भागांवर गाडी उत्तम चालेल, पण नोंद होणार नाही आणि अपघातात विमा कंपनी हात वर करेल. ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांचा विचार तर आणखी वेगळा. २०२१ च्या नियमांनी त्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण बॉडी आणि इंजिन मूळ हवं. मूळ इंजिन असलेली साठ-सत्तरच्या दशकातली गाडी आली तर आम्ही मालकाला स्पष्ट सांगतो की ती इलेक्ट्रिक करू नका, इंजिन बांधून घ्या. तेही काम आम्ही करतो.

इंजिन गेल्यावर गाडी शांत होईल अशी लोकांची अपेक्षा असते. होतं असं की इंजिनाच्या आवाजाखाली दडलेले सगळे आवाज वर येतात: डिफची शीळ, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनची करकर, काचांची खडखड. त्यामुळे आता डिफ उघडून बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) बघणं, किंगपिनचे बुश बदलणं आणि काचांच्या चॅनेलमध्ये नवी फेल्ट पट्टी घालणं हे आमच्या मूळ कोटेशनमध्येच असतं. फेल्ट घालताना काच खाली सोडून, चॅनेल ब्रशनं साफ करून, पट्टी तळापर्यंत एकसंध बसवायची. मध्ये जोड दिला की काच तिथेच अडकते.