तीन कात्र्या

खोक्यात कात्री एकच होती. मीच ठेवली होती, ऑफिसच्या स्टेशनरीतली, लाल मुठीची. रडारच्या स्क्रीनवर मात्र तीन दिसत होत्या: मधली ठसठशीत आणि दोन्ही अंगांना एकेक पुसट, कडा विस्कटलेली.

आमचं रडार 79 गिगाहर्ट्झचं, तरंगलांबी जेमतेम 3.8 मिलिमीटर. 30 सेंटीमीटरचा चौकोन अर्ध्या-अर्ध्या तरंगलांबीवर अँटेना लावून भरायचा तर जवळपास 25,000 लागतील. तेवढे पैसे कोण देतंय! म्हणून आमची विरळ पट्टी: मध्यभागी 16 रिसीव्हर दाटीवाटीने, आणि दर 30 मिलिमीटरला एक असे 12 ट्रान्समिटर. प्रत्येक जोडीच्या मध्यावर एक आभासी अँटेना आहे असं धरायचं, म्हणजे 28 जणांकडून 192 जणांचं काम होतं. पट्टी रेलवर वर-खाली सरकवली की चित्र तयार.

दहा मीटरवरच्या रिफ्लेक्टरपुढे ही पट्टी अगदी गुणी बाळ होती. खोकं होतं अर्ध्या मीटरवर. एवढ्या जवळून, 18 सेंटीमीटर दूर असलेल्या जोडीचा मध्य धरला की सिग्नलच्या धरलेल्या आणि खऱ्या वाटेत 16 मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे चार तरंगलांब्या. दहा मीटरवर तोच फरक एका मिलिमीटरच्या आत असतो, म्हणून तिथे कुणाला पत्ताच लागत नाही. सकाळी पहिलं चित्र आलं ते नुसता धूर. प्रत्येक पिक्सेलपर्यंतचं जातानाचं आणि येतानाचं अंतर वेगवेगळं मोजणारा कोड लावला, तेव्हा कुठे धुरातून कात्री बाहेर आली. सहकुटुंब.

"भिंतीवरून परतलेले सिग्नल असतील," शेजारचा सहकारी म्हणाला. मी चहाच्या बिलामागे हिशेब मांडला: तरंगलांबी 3.8 गुणिले खोक्याचं अंतर 500 भागिले ट्रान्समिटरमधलं अंतर 30, उत्तर 63 मिलिमीटर. स्क्रीनवर भुतं, म्हणजे त्या दोन खोट्या कात्र्या, होती खऱ्या कात्रीपासून साधारण साडेसहा सेंटीमीटरवर. टेबल 70 सेंटीमीटरवर ओढलं. आता हिशेबाने 89 मिलिमीटर यायला हवे होते, आणि भुतं सरकून नऊ सेंटीमीटरच्या आसपास गेली. भिंत इतकी हिशेबी नसते. हे ग्रेटिंग लोब होते, म्हणजे अँटेना सारख्याच पण फार मोठ्या अंतरांवर लावले की खऱ्या वस्तूच्या बाजूला उमटणाऱ्या नकला; आमच्याच 30 मिलिमीटरच्या शिस्तीच्या.

खरं तर लांबवर रिसीव्हरांचा शून्यबिंदू, म्हणजे जिथून त्यांना काहीच ऐकू येत नाही ती दिशा, बरोबर त्या लोबवर येतो आणि त्याला गिळून टाकतो. जवळ आलं की लोब फाकतो, शून्यबिंदूखालून निसटतो. हे मला पुस्तकातून पाठ होतं. डिझाइन करताना आठवलं नाही, एवढंच.

"मॅडम, चार ट्रान्समिटर बंद करून बघू या का? नियमितपणा मोडेल," टीममधल्या नव्या मुलाने सुचवलं. उपयोग नाही हे माहीत होतं, पण करू दिलं. भुतं जागच्या जागी. कुणालाही बंद करा, उरलेले 30 च्या पाढ्यातच उभे असतात. पाढाच मोडायला हवा होता.

संध्याकाळी सिम्युलेशनमध्ये ट्रान्समिटर काही मिलिमीटर इकडेतिकडे, विषम अंतरांवर सरकवले. बऱ्याच मांडण्या पाडल्या, शेवटी एक जमली. साहेब निघता निघता स्क्रीनपाशी थांबले.

"कात्री एकच दिसतेय की! पण मागे हे दाणे दाणे कसले?"

"त्या दोन कात्र्यांचा चुरा आहे, सर."

ते चष्मा वर करून दाणे बघत राहिले. मग म्हणाले, "बोर्ड पाठवा बनवायला."