नाव जाहीर झालं की

सुपरहिरोंच्या एखाद्या मालिकेला नवा दिग्दर्शक मिळाल्याची बातमी आली की पहिल्या दहा मिनिटांतच निकाल लागतो. पटकथेचा पत्ता नसतो, पण चाहत्यांचा सिनेमा मनातल्या मनात बघून झालेला असतो. पद्धत सोपी आहे. त्या माणसाचं जुनं काम काढायचं आणि नव्या सिनेमाला तोच रंग फासायचा. आधी विनोदी केलंय? मग वाट लागली. तलवारी, रक्त, अंधार? मग जमलं!

ही पद्धत सपशेल चुकते, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. रूसो बंधू ‘कम्युनिटी’सारख्या विनोदी मालिकांतून आले आणि 2014 मध्ये ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’ हा चांगला कडक राजकीय थरारपट देऊन बसले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा अनुभव गाठीशी असलेल्या अ‍ॅलन टेलरचा दुसरा ‘थॉर’ आला होता. कागदावर याहून योग्य माणूस कुठला? तो सिनेमा आज कुणी आपणहून लावत नाही. तायका वाइटीटीनं 2017 मध्ये थॉरला हसवलं तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. 2022 मध्ये त्यानंच पुन्हा हसवलं, तर विनोद अती झाल्याची ओरड.

नावाआधी बघायची असते ती तारीख. ‘अँट-मॅन’वर दिग्दर्शक एडगर राइट आठेक वर्षं काम करत होता. मे 2014 मध्ये तो बाहेर पडला, जूनमध्ये त्याच्या जागी पेटन रीड आला, ऑगस्टमध्ये शूटिंग सुरू झालं आणि प्रदर्शन जुलै 2015 ला ठरलेलंच होतं. एवढ्या वेळात कुणीही फार तर पटकथेची डागडुजी करतो. सेट, कलाकार, वेळापत्रक बरंचसं आधीच ठरलेलं असतं. चाहत्यांचा राग मात्र रीडवर निघाला. त्यातली गंमत पुढे आहे. सिनेमात मायकेल पेन्याचा लुईस भरधाव किस्से सांगतो आणि किस्स्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी त्याचाच आवाज येतो, ते प्रसंग बघून ‘ही नक्की राइटची करामत’ असं अनेकांनी ठोकून दिलं. ते राइटच्या मसुद्यात नव्हतेच. नंतर आलेल्या लेखकांनी घातले.

उलट उदाहरण मॅट रीव्ह्जचं. बेन अ‍ॅफ्लेकनं जानेवारी 2017 मध्ये बॅटमॅनचं दिग्दर्शन सोडलं. फेब्रुवारीत रीव्ह्जशी बोलणी फिसकटल्याची बातमी आली आणि आठवड्याभरात ती जुळलीही. चाहते तेवढ्यात रडून-हसून मोकळे झाले. खरी माहिती पुढे होती : त्यानं आधीची पटकथा बाजूला ठेवून नवी लिहायला घेतली, आणि सिनेमा आला मार्च 2022 मध्ये. पाच वर्षं! शिवाय छायाचित्रणाला ग्रेग फ्रेझर, संगीताला मायकेल जियाकिनो, म्हणजे दोघंही त्याच्या आधीच्या सिनेमांतले साथीदार. दिग्दर्शकाला स्वतःची माणसं आणता आली की त्याला स्टुडिओत वजन आहे असं धरून चालावं. कॅमेरामन, एडिटर आणि लेखकही स्टुडिओचाच असेल, तर नवीन नावाचा आनंद किंवा शोक जरा बेतानंच करावा.

नाव तरी कुठे खरं सांगतं? 2017 च्या ‘जस्टिस लीग’चा बराच भाग जॉस व्हीडन या दुसऱ्याच दिग्दर्शकानं पुन्हा शूट केला, इतका की हेन्री कॅव्हिलची दुसऱ्या सिनेमासाठी राखलेली मिशी कॉम्प्युटरवर पुसावी लागली, आणि ओठ कसनुसे दिसले ते दिसलेच. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून नाव झॅक स्नायडरचंच. चाहत्यांच्या रेट्यानंतर 2021 मध्ये आलेल्या चार तासांच्या आवृत्तीवरही तेच.

मारामारीचा हिशोब तर निराळाच असतो. मोठे अ‍ॅक्शन प्रसंग आधी प्रीव्हिजमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या कच्च्या अ‍ॅनिमेशनमध्ये, शॉटगणिक बांधले जातात आणि पुष्कळदा सेकंड युनिट, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाशिवाय काम करणारी दुसरी तुकडी, ते शूट करतं. ‘ब्लॅक विडो’साठी विचारणा झाली तेव्हा ‘अ‍ॅक्शनची काळजी करू नका, ते आम्ही बघू’ असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, हे अर्जेंटिनाची दिग्दर्शिका लुक्रेशिया मार्तेलनं 2018 मध्ये एका भारतीय वर्तमानपत्राला सांगितलं. तिला ते मुळीच रुचलं नव्हतं.

डेस्टिन डॅनियल क्रेटनचं नाव नव्या स्पायडर-मॅनसाठी पुढे आलं तेव्हा त्यानं दिग्दर्शित केलेल्या ‘शांग-ची’मधल्या बसमधल्या मारामारीच्या क्लिप पुन्हा फिरल्या. मारामारी झकासच आहे. पण त्या सिनेमाच्या स्टंटची आणि सेकंड युनिटची धुरा होती ब्रॅड अ‍ॅलनकडे, जॅकी चॅनच्या स्टंट टीममध्ये तयार झालेल्या माणसाकडे. सिनेमा प्रदर्शित होण्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट 2021 मध्ये, तो वारला. त्यामुळे नव्या स्पायडर-मॅनबद्दल ज्याला खरंच अंदाज बांधायचा आहे त्यानं स्टंट कोण बघतंय ते आधी शोधावं. ती बातमी मथळ्यात येत नाही, आणि तिच्यावरून भांडायलाही कुणी सापडत नाही.