फिल निमन्सच्या तबकड्या: हुडकणं, ओळखणं, उतरवून घेणं

कॅनडातला जॅझ म्हटलं की आपल्याकडे पियानोवादक ऑस्कर पीटरसनवर गाडी थांबते. पण त्याच पीटरसनने १९६० साली टोरोंटोत जॅझची शाळा काढली, तेव्हा त्याचेच साथीदार रे ब्राउन (बास) आणि एड थिगपेन (ड्रम्स) यांच्या जोडीला शिकवायला होता फिल निमन्स. क्लॅरिनेटवादक, संगीतकार, वाद्यवृंदाचा प्रमुख. जन्म १९२३ चा, ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्लूप्सचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये, शंभरी पार केल्यावर गेला. एवढं आयुष्य आणि एवढं काम असूनही त्याच्या तबकड्या हुडकाव्या लागतात, कारण त्याचं वाजवणं मुख्यतः सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओवर व्हायचं. रेडिओवर वाजलेलं दुकानात जात नाही.

शोधताना पहिली ठेच नावाला लागते. एकाच माणसाचा वृंद तीन नावांनी सापडतो: आधी ‘फिल निमन्स ग्रुप’, मग दहा जणांचा ‘निमन्स एन नाइन’, आणि १९६५ मध्ये सहा वादक वाढल्यावर ‘निमन्स एन नाइन प्लस सिक्स’. मधल्या ‘एन’ला कुणी एक अवतरणचिन्ह लावतं, कुणी दोन, कुणी काहीच नाही, आणि शोधयंत्र प्रत्येक वेळी वेगळी यादी देतं. मी फक्त ‘निमन्स’ एवढंच टाकतो आणि पुढचं हाताने चाळतो. वेळ जातो, पण निसटत काही नाही.

मी सुरुवात केली ती व्हर्व्ह या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या दोन एलपींपासून, १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रित झालेल्या. पहिलीचं नाव ‘द कॅनेडियन सीन’, दुसरी वृंदाच्याच नावाची. नंतर आरसीए व्हिक्टर कंपनीच्या ‘टेक टेन’ आणि ‘मेरी पॉपिन्स स्विंग्ज’. सगळ्यात सोपी मिळते ती सॅकव्हिल कंपनीची ‘द अटलांटिक सूट’. जॅझसाठीचा पहिला जूनो (कॅनडाचा संगीत पुरस्कार) १९७७ मध्ये तिलाच मिळाला, आणि ती सीडीवरही आली. नवख्याने तिथूनच सुरू करावं. रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलच्या प्रसारणासाठीच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. त्या विक्रीला नसत, रेडिओ केंद्रांना पाठवल्या जात. त्यामुळे आज दिसतात त्या बऱ्याचदा केंद्राचा शिक्का बसलेल्या, कव्हर नसलेल्या.

व्हर्व्हची प्रत घेण्याआधी लेबलाचा फोटो मागवावा. कडेला ‘व्हर्व्ह रेकॉर्ड्स, इन्क.’ असेल तर दाब (प्रेसिंग) जुना. ‘एमजीएम’ असेल तर कंपनी त्यांना विकली गेल्यानंतरचा, म्हणजे १९६१ किंवा पुढचा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेले आकडेही मागावेत, कारण कव्हर एकाचं आणि आत तबकडी दुसऱ्याची हा प्रकार नेहमीचा. विक्रेत्याला एकच नेमका प्रश्न विचारतो: प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं वाजवून पाहिलंय का? लेबलाजवळ खाचांचा वेग कमी, वळण घट्ट. तिथे झिजलेल्या सुईने क्लॅरिनेटच्या वरच्या सुरांची चिरफाड केलेली असते, आणि ती साफसफाईने जात नाही.

आता टर्नटेबल. इथे चूक झाली की पुढचं सगळं वाया. कॅनडातल्या नातेवाइकांनी दिलेलं जुनं बेल्टचं मशीन भारतात आणून ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर लावलं, तर व्होल्टेज जमतं पण वारंवारता जमत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. सिंक्रोनस मोटर विजेच्या तालावर फिरते, त्यामुळे ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे पडतात आणि सूर तीन अर्धस्वरांहून जास्त खाली येतात. गंमत म्हणजे अनोळखी तबकडीत हे पटकन कळत नाही. वृंद जरा आळसावलेला वाटतो, इतकंच. इलाज दोन: ५० हर्ट्झची पुली बसवणं, किंवा डीसी मोटरचं मशीन वापरणं. वेग तपासायला कागदी स्ट्रोब चकती पुरते (वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात), पण ५० हर्ट्झसाठी तिच्यावर १८० रेघा हव्यात. तिकडची २१६ रेघांची चकती इथे खोटं बोलते. आणि दिवा साधा पिवळा बल्ब हवा, बहुतेक एलईडीखाली रेघा नीट स्थिर दिसत नाहीत.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात दहा टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि फोटो फिल्मला वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. हे फक्त व्हिनाइलसाठी. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला अल्कोहोल लागलं तर ती गेली. पावसाळ्यात धरलेली बुरशी दोनदा धुतल्याशिवाय निघत नाही.

व्हर्व्हच्या माझ्या प्रती मोनो आहेत. तरी संगणकात उतरवताना मी दोन्ही चॅनेल घेतो, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, शिखर मायनस ६ डेसिबलच्या आत. वीस मिनिटांच्या बाजूला सुमारे ६९० एमबी. मग डावा आणि उजवा वेगवेगळा ऐकतो. बऱ्याचदा खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. तसं असेल तर तीच ठेवावी. दोन्ही सारख्या असतील तर एकत्र करावं. सुईच्या वरखाली हालचालीतून येणारी घरघर त्यात बरीचशी कटते.

शेवटी टिकटिक काढणं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. स्वयंचलित क्लिक-रिमूव्हरला ट्रम्पेटची तीक्ष्ण सुरुवात आणि खाचेतला ओरखडा यांतला फरक कळत नाही. निमन्सच्या वृंदात क्लॅरिनेटच्या शेजारी व्हिक सेंट्रोचा अकॉर्डियन आहे. दोघं एकाच ओळीत चालतात तेव्हा स्वर सुरू होताना अकॉर्डियनच्या पट्टीचा बारीकसा ‘टक्’ येतो, त्यावरूनच कान त्याला क्लॅरिनेटपासून वेगळा काढतो. संवेदनशीलता थोडी वाढवली की तो ‘टक्’ जातो आणि दोन वाद्यांचं एकच ओलसर वाद्य होतं. हे पकडायची सोपी युक्ती आहे. बहुतेक प्रोग्राममध्ये काढून टाकलेला भाग तेवढाच ऐकायची सोय असते. त्यात नुसती फटफट ऐकू आली तर ठीक. चाल ओळखू आली तर आपण संगीत खातोय. मी आता मोठे ओरखडे हाताने काढतो, बाजूमागे दोनेक तास लागतात, आणि बारीक चरचर तशीच ठेवतो. मूळ, हात न लावलेली फाइल वेगळी ठेवायचीच.

हक्कांचं त्रांगडं वेगळंच. १९६५ च्या आधी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं कॅनडात कॉपीराइटमधून मुक्त आहेत. भारतात मुद्रणाला ६० वर्षं, तीही व्हर्व्हच्या दोन्ही एलपींची उलटली. अमेरिकेत मात्र संरक्षण २०६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आहे. शिवाय मुद्रण मुक्त झालं म्हणून रचना मुक्त होत नाही: निमन्स २०२४ मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या रचना कॅनडात २०९४ अखेरपर्यंत बंद, आपल्याकडे २०८४. म्हणून या फायली अजून माझ्या हार्ड डिस्कवरच आहेत.