जरा थांबते हं

फिरायला बाहेर पडलं की माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघणारं वाक्य हेच. पुढे गेलेली माणसं मग वळून बघतात. पहिल्यांदा हसतात, दुसऱ्यांदा हसल्यासारखं करतात आणि तिसऱ्यांदा निमूटपणे मोबाइल काढून उभी राहतात. माझी भाची त्यातल्या त्यात स्पष्टवक्ती. ती एकदा म्हणाली, "मावशी, आपण फिरायला आलोय की तुझं काही हरवलंय?" मी त्या वेळी गुडघे टेकून, मान वाकडी करून गवताच्या पात्याखाली बघत होते. त्यामुळे प्रश्न रास्तच होता.

गळ्यात कॅमेरा दिसला की लोक विचारतात, कोणता घेतलाय, लेन्स कितीची आहे. फोटो काढायला कशाने गेला होतात, हे मात्र कुणी विचारत नाही. चालत, सायकलने आणि अधूनमधून होडीने बरीच वर्षं हिंडल्यावर माझं मत असं झालंय, की फोटोत काय येणार ते निम्मं तिथेच ठरून जातं. थांबणं किती महाग पडतं, यावर सगळं असतं. पायी थांबणं फुकट. सायकलवर थांबायचं तर काहीतरी मोजावं लागतं. आणि होडीत… होडीचं पुढे सांगते.

चालताना नजर आपोआप खाली जाते. ठेच लागू नये म्हणून जात असेल, पण जाते. आणि खालचं जग बघायचं तर ऊन चढायच्या आत. पात्याच्या टोकाला दवाचा थेंब लोंबत असतो. लांबून तो नुसता चमकतो. नाक लावायच्या अंतरावर गेलं की त्यात मागचं सगळं माळरान उलटं टांगलेलं दिसतं. गवत वर, आभाळ खाली, मध्ये कुठेतरी उलटं झाड. थेंब म्हणजे एक चिमुकलं भिंगच. फोकस थेंबाच्या कडेवर ठेवला तर आतलं चित्र पुसट होतं, आतल्या चित्रावर ठेवला तर कड विरघळते. मी आतल्या चित्राच्या बाजूची. श्वास रोखायचा, कोपर जमिनीत रुतवायचं, आणि नेमकं बोट दाबताना पातं हलतं. वारा नसतो हो. आपणच रोखलेला श्वास सोडलेला असतो.

तिथेच जवळपास एखादा चतुर गारठून बसलेला असतो. उडायचे स्नायू तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही, म्हणून अंगभर दव घेऊन काडीला धरून तो उन्हाची वाट बघतो. त्या वेळी त्याचे कितीही फोटो काढा, तक्रार नाही. ऊन लागलं की मात्र गेला. पण बऱ्याच जातींच्या चतुरांची एक आवडती काडी असते. भुर्रकन एक चक्कर मारून येतात आणि पुन्हा तिथेच बसतात. म्हणजे उडालेल्या चतुरामागे धावायचं नाही, रिकाम्या काडीवर फोकस लावून गप बसायचं. ही अक्कल मला दोन वर्षांनी आली. आधीची दोन वर्षं मी धावत होते.

फुकटच्या थांबण्याचा तोटा घरी आल्यावर कळतो. एकाच थेंबाचे 43 फोटो! 1888 साली कोडॅकचा पहिला खोका-कॅमेरा आला तेव्हा त्याच्या रिळावर 100 गोल फोटो मावायचे. ते संपले की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. तिकडे फोटो धुऊन व्हायचे आणि नवीन रीळ भरून कॅमेरा परत यायचा. बघायला धड खिडकीसुद्धा नव्हती, डब्यावर कोरलेल्या दोन रेषांवरून अंदाज घ्यायचा. माझ्यासारखीच्या हाती तो खोका असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोस्टात गेला असता.

"फोटो काढण्याच्या नादात बघायचंच राहतं" असं मला ऐकवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती कोलीत नको, पण त्यांचं अगदीच चूक नाही. लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवून एक प्रयोग केला होता, 2014 साली तो छापून आला. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले त्या मुलांना कमी आठवल्या, ज्या फक्त पाहिल्या त्या जास्त. पण झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपायला सांगितला, तेव्हा आठवणीला धक्का लागला नाही; न टिपलेला भागही लक्षात राहिला. हे वाचून मला फार बरं वाटलं. तेव्हापासून गुडघे टेकताना मी थोडी ताठ मानेने टेकते.

आता सायकल. सायकलवर चांगला फोटो दिसतो तो नेहमी चार पेडल मागे. दिसला, असं मनात येईपर्यंत तो गेलेला असतो. मग आत एक भांडण सुरू होतं. थांबावं? आत्ताच कुठे लय लागलीय. पुढे चढ आहे, इथे वेग सोडला तर तो अख्खा चढ पायांवर येणार. शिवाय ब्रेक लावा, उतरा, स्टँड लावा, कॅमेरा पिशवीतून काढा, हातमोजे दातांनी ओढा… तेवढ्यात आणखी दहा पेडल होतात. आता मागे वळायचं म्हणजे हारच. आणि मग ते घातकी वाक्य येतं: "येताना काढू."

येताना काढू म्हणून सोडलेल्या फोटोंचा माझ्या डोक्यात एक वेगळाच अल्बम आहे. त्यातला एक सांगते. कुंपणाच्या तारेवर कुणीतरी लहान मुलाचा एकच बूट अडकवून ठेवला होता. वाटेत पडलेला सापडला असणार. ज्याचा असेल त्याला दिसावा म्हणून नाडी तारेला नीट बांधून टांगलेला, तळव्याला सुकलेला चिखल, आणि तिरप्या उन्हात त्याची सावली खऱ्या बुटाच्या दुप्पट लांब. मी बघितला, हसले आणि पुढे गेले. तासाभराने आले तर बूट नव्हता. ज्याचा होता त्याला मिळाला असेल, म्हणजे चांगलंच झालं की! तरी मी त्या रिकाम्या तारेचा फोटो काढला. कुणाला दाखवून उपयोग नाही. नुसती तार आहे.

बरं, बूट तिथे असता तरी ऊन नसतं. पायी माणूस ताशी पाच किलोमीटर, सायकलवर आरामात पंधरा. म्हणजे पंधरा किलोमीटरच्या फेरीत प्रकाश तासभर म्हातारा होतो. सकाळी बाजूने येणारं ऊन गवताच्या एकेका काडीला उजेडाची कड लावतं. तेच ऊन डोक्यावर आलं की सगळं सपाट. जागा तीच राहते, फोटो मात्र निघून गेलेला असतो.

मग चालत्या सायकलवरूनच का काढू नये? काढून बघितलाय. हिशेब सोपा आहे. ताशी पंधराच्या वेगाने सायकल एका सेकंदाच्या साठाव्या भागात साधारण सात सेंटिमीटर पुढे सरकते. तेवढा वेळ शटर उघडं राहिलं तर शेजारचं कुंपण फोटोत म्हणजे नुसता करडा पट्टा. हजारावा भाग ठेवला तर चार मिलिमीटर, ते चालून जातं. पण तोवर हँडलवर एकच हात, आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांना या हिशेबाची कल्पना नसते. फोटो स्पष्ट आला होता. कोपर पुढचे पंधरा दिवस दुखत होतं. तेव्हापासून पाय टेकवल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. (मऊ मातीत स्टँड लावायचा नाही, हा दुसरा. फोटो बघण्यात आपण गुंग असताना सायकल मागे अतिशय सावकाश, विचार करत आडवी होते.)

गंमत म्हणजे हा पाय टेकवण्याचा प्रकार सायकलला जन्मापासून आहे. कार्ल फॉन ड्राइस यांनी 1817 मध्ये जी लाकडी दुचाकी बनवली तिला पेडलच नव्हती. वर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत जायचं. त्या गाडीवर फोटो काढणं सोयीचं झालं असतं. पण फोटो निघायलाच आणखी काही वर्षं जायची होती.

इतकं सगळं असूनही, माझ्याकडचे जे थोडे फोटो मला स्वतःला आवडतात त्यांतले बरेच सायकलचे आहेत. चालताना मी कशासाठीही थांबते. सायकलवर थांबले आहे म्हणजे दहा पेडलांच्या भांडणात ते दृश्य जिंकलेलं असतं. त्यात निवड आधीच झालेली असते, आणि ती करायला बुद्धीपेक्षा मांड्या जास्त उपयोगी पडतात.

होडीत बसल्यावर हे दोन्ही शहाणपण काठावर ठेवावं लागतं. पहिल्यांदा बसले तेव्हा समोर पाण्यात वाकलेलं एक झाड दिसलं. फांद्यांच्या खालच्या बाजूवर उजेडाची जाळी नाचत होती. पाण्यावरून उसळलेलं ऊन पानांच्या पोटाशी हलतं, ती जाळी. जमिनीवर उजेड वरून येतो एवढंच आपल्याला माहीत. पाण्यावर तो खालूनही येतो. उडत्या बगळ्याच्या पंखांची आतली बाजू, एरवी जी फोटोत काळवंडते, ती इथे उजळून निघते. मी घाईघाईने म्हटलं, "काका, जरा थांबवा ना होडी."

नावाडीकाकांनी माझ्याकडे बघितलं. "वल्हं कधीच उचललंय की ताई. आता अजून काय थांबवू?"

तोवर झाड बाजूला गेलं होतं. होडी आपली गुपचूप चाललेली, किंचित गोल फिरत. मी त्या दिवशी काढलेल्या प्रत्येक फोटोत क्षितिज एका बाजूला उतरलेलं आहे. बघणाऱ्याला वाटावं, आता सगळं पाणी फोटोच्या कोपऱ्यातून सांडणार. तिपाईचा उपयोग नाही. ज्यावर ती उभी करायची तेच हलतंय. होडीच्या काठावर कोपर टेकवलं तर लाटेचा प्रत्येक धक्का सरळ कॅमेऱ्यात. कोपर अंगाशी धरून, कंबर सैल सोडून, स्वतःच स्प्रिंग होऊन बसायचं. हे काकांनीच शिकवलं. त्यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण होडीत ताठ बसलेलं माणूस त्यांना बघवत नव्हतं.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातलं एक चित्र मला होडीत नेहमी आठवतं. 1838 च्या सुमाराला फोटोग्राफीचे एक जनक लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचा खिडकीतून फोटो घेतला. प्रकाश टिपून घ्यायला काही मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात रस्त्यावरून गेलेली माणसं, घोडे, गाड्या यांतलं काहीच उमटलं नाही. भर दिवसा रस्ता ओस. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस दिसतो, एक पाय उचलून उभा, बुटांना पॉलिश करून घेतोय. तो थांबला, म्हणून राहिला. होडीत याच्या बरोबर उलटं. झाडं, काठ, बगळे सगळे जागच्या जागी असतात आणि हलत असते मीच. फोटोतून पुसलं जायचं असेल तर ते मी.

तरी पाण्यावरून जे दिसतं ते काठावरून दिसत नाही, म्हणून जाते. ज्या वाटेने मी शंभरदा चालले असेन ती वाट पाण्यातून ओळखू येईना. मुळं उघडी पडलेली, त्यांच्यामध्ये खेकड्यांची बिळं, मातीचे थर एकावर एक. जमिनीची ही मागची बाजू. आपण कायम पुढच्या बाजूने बोलत असतो तिच्याशी. पाखरांचंही तसंच. काठावर दोन पायांवर चालणारं काही दिसलं की लांबूनच उडणारा बगळा, संथ वाहत येणाऱ्या होडीला पुष्कळ जवळ येऊ देतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी 1870 च्या दशकात होडीतच चित्रं काढायची खोली थाटली होती, ती उगीच नाही. अर्थात ब्रशला शटर नसतं.

पाण्याच्या आतलं टिपायचं तर चकाकी आड येते. त्यासाठी पोलरायझर नावाची फिरती काच लेन्सवर चढवायची आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या तिरप्या नजरेने बघायचं. काच फिरवता फिरवता एका क्षणी आभाळ पुसलं जातं आणि खालचं शेवाळ, गोटे, एखादा थबकलेला मासा वर येतो. सरळ खाली वाकून बघितलं तर काच कितीही फिरवा, चकाकी हटत नाही. होडीत बरोबर 37 अंश साधायला जावं तर होडी तेवढ्यात 40 करते. पण कधीतरी डुलता डुलता तीच नेमका कोन देऊन जाते, आपल्या कर्तृत्वाशिवाय.

गेल्या खेपेला भाची बरोबर होती. एका वाळक्या फांदीवर खंड्या बसलेला, पाण्यात टक लावून. काकांनी वल्हं उचललं, म्हणजे मला ठाऊक असलेलं एवढंच थांबणं झालं. आम्ही सरकत होतो. मी कंबर सैल सोडली, श्वास रोखला, फोकस लागला, बोट दाबलं.

घरी फोटो मोठा करून बघताना भाची खांद्यावरून डोकावली.

"यात काय आहे?"

"फांदी."

"हललाय फोटो."

"फोटो नाही हललेला. मागचं पान बघ, शीर न् शीर दिसतेय. फांदीच हललीय."

ती जवळ आली. नाक जवळजवळ स्क्रीनला लागलं. फांदीचं टोक दोन-तीन ठिकाणी एकदम दिसत होतं, आणि खाली पाण्यावर एक बारीक गोल नुकताच उमटायला लागलेला.

"थांब," ती म्हणाली, "पुढचा नको लावूस लगेच."