आमची वाटचाल : रंकाळ्यावरची चार मिनिटं

१९९८ साली रमजान ऐन डिसेंबरात आला होता. माझे सासरे तेव्हा कोल्हापुरात घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवायचे. घरात आणि गल्लीत सगळेच त्यांना अब्बा म्हणतात. एका संध्याकाळी ते चार मित्रांबरोबर रुमालात खजूर बांधून रंकाळ्यावर रोजा सोडायला गेले. खिशात सहरी-इफ्तारचं, म्हणजे रोजा धरायच्या आणि सोडायच्या वेळांचं, छापील कार्ड होतं. कार्ड मुंबईचं, खाली बारीक अक्षरात ओळ : ‘कोल्हापूरसाठी ५ मिनिटे वजा करावीत.’ मुंबईची वेळ ६.०६, वजा पाच, म्हणजे ६.०१. मनगटावरचं घड्याळ सकाळीच आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावलेलं. ६.०१ झाले, मित्रांनी खजूर उचलला आणि समोर पाण्यापलीकडे सूर्याची लाल कड अजून दिसत होती.

“थांबा,” अब्बा म्हणाले. “घड्याळ बरोबर हाय, कागद चुकलाय.”

नमाज-रोज्याच्या वेळांची कार्डं आणि घड्याळं करणाऱ्या आमच्या कंपनीचा जन्म मी त्या दिवशी झाला असं मानते. तेव्हा मी शाळेत होते आणि या घराशी माझा काही संबंध नव्हता, तरीसुद्धा.

२००६ला लग्न होऊन मी या घरात आले, गणितातली एमएस्सी घेऊन. अब्बांनी पहिल्या आठवड्यातच तो पिवळा पडलेला कार्डाचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. आठ वर्षं जपून ठेवला होता त्यांनी! म्हणाले, “पोरी, हे का चुकतं ते सांग.” मी कागद-पेन घेऊन बसले. कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेला साधारण १.४ अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून साडेपाच मिनिटांचा फरक. इथवर छापणाऱ्याचं बरोबर होतं. पण कोल्हापूर मुंबईच्या दक्षिणेलाही आहे, सव्वादोन अंश, आणि दक्षिणेकडे उन्हाळ्यातला दिवस लहान असतो, हिवाळ्यातला मोठा. त्यामुळे जूनच्या शेवटी आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा दहा मिनिटं आधी मावळतो आणि डिसेंबरच्या शेवटी जेमतेम एक मिनिट आधी. वर्षभर ‘पाच मिनिटे वजा’ हे मार्च आणि सप्टेंबरलाच जमतं. त्या संध्याकाळी रंकाळ्यावर खरा सूर्यास्त ६.०५ला होता.

अब्बांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मिरजेचं किती? गडहिंग्लजचं?” हीच आमची पहिली ऑर्डर.

सुरुवातीला आम्ही फक्त कार्डं केली. गावाचे अक्षांश-रेखांश, सूर्याची क्रांती (म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला-दक्षिणेला आहे ते), मध्यान्ह पुढेमागे सरकण्याचा हिशेब (फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या चौदा मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरात सोळा मिनिटं पुढे), एवढं एका स्प्रेडशीटमध्ये बसतं. १९५० ते २०५० या काळापुरतं सूर्याचं स्थान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत देणारी सूत्रं चार ओळींची आहेत. गणित अवघड नव्हतं. खरी डोकेदुखी पूर्णांकांची निघाली. संगणक ६ वाजून ७ मिनिटं २० सेकंदांचं ६.०७ करतो, म्हणजे कार्ड बघून रोजा सोडणारा वीस सेकंद आधी सोडणार. म्हणून इफ्तार नेहमी वरच्या मिनिटाला न्यायचा आणि सहरीची अखेर खालच्या मिनिटाला आणायची. हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. दुकानात कार्ड न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितला, तोही मी पहिली पाचशे कार्डं छापून बसल्यावर. ती कार्डं रद्दीत गेली.

मग घड्याळं आली. नवऱ्याचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, उद्यमनगरात एलईडी बोर्डाची कामं करायचा. मशिदीत लावायचं मोठं लाल आकड्यांचं नमाज घड्याळ बाजारात मिळत होतंच, पण त्यात एका शहराचा तक्ता भरलेला असायचा. आम्ही ठरवलं की घड्याळानं स्वतः रोज हिशेब करायचा. बत्तीस केबीच्या चिपमध्ये सूर्य बसवायला नवऱ्याला तीन महिने लागले. आणि सूर्य सेकंदाबरहुकूम आला तेव्हा घड्याळच चुकायला लागलं! स्वस्तातली वेळ राखणारी चिप वापरली होती. तिचा क्रिस्टल दिवसाला दीड-दोन सेकंद सरकतो, महिन्याला जवळजवळ एक मिनिट, आणि पत्र्याखालच्या मशिदीत एप्रिलच्या उन्हात त्याहूनही जास्त. गिऱ्हाईक फोन करून म्हणायचं, “मॅडम, तुमचं गणित चुकतंय.” अब्बा गालात हसायचे. या वेळी कागद बरोबर होता आणि घड्याळ चुकलं होतं. आता आम्ही तापमान सांभाळून घेणारी चिप वापरतो, ती वर्षाला मिनिटभर सरकली तर सरकली. मोठ्या बोर्डात जीपीएसही घालतो. त्यातून वेळ मिळते आणि गावाचे अक्षांश-रेखांशही आपोआप येतात.

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तिथे मी दोन घरांची आहे. माझं माहेर रत्नागिरीकडचं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई (शाफई आणि हनफी या धर्मशास्त्राच्या दोन परंपरा). वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की आमच्याकडे असर सुरू. सासर हनफी. इथे ती दुप्पट व्हावी लागते. लग्नानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं की या गावात दुपार संपतच नाही. नंतर मोजून पाहिलं. आमच्या अक्षांशावर दोन वेळांत डिसेंबरात पाऊण तासाचा फरक पडतो, विषुवदिनी बरोबर तासाचा आणि जूनमध्ये जवळजवळ सव्वा तासाचा. गणिताला दोन्ही सारखेच, कंसातला एकाचा आकडा दोन केला की झालं. पण चिपळूणला पाठवलेलं पहिलं घड्याळ मी घाईत हनफी ठेवूनच पाठवलं. माझ्या स्वतःच्या माहेरच्या मुलखात! आईनं फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून घड्याळ पेटीत घालण्याआधी आम्ही गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म भरून घेतो. असर एक की दोन. फज्रला, म्हणजे पहाटेच्या नमाजाला (तिथेच सहरी संपते), सूर्य क्षितिजाखाली किती अंश धरायचा. आपल्याकडे बहुतेक जण १८ म्हणतात, परदेशात काही ठिकाणी १५ धरतात, आणि कोल्हापुरात या तीन अंशांनी सहरी ऋतूनुसार साडेबारा ते पंधरा मिनिटं पुढेमागे होते. खबरदारीची म्हणून किती मिनिटं जोडायची. शेवटी नमाज पढवणाऱ्या पेशइमामांची किंवा मशिदीचा कारभार बघणाऱ्या मुतवल्लींची सही. लोकांना वाटतं ही सरकारी थाटाची कटकट आहे. पण अंश किती धरायचा हे मी ठरवणारी कोण? माझ्याकडे फक्त टॅन आणि कोसाइन आहेत.

चंद्रानं आम्हाला जास्त शहाणं केलं. हिजरी तारीख दाखवायची म्हणून आम्ही तीस वर्षांचं चक्र वापरलं होतं. महिने आलटून पालटून ३० आणि २९ दिवसांचे, तीसपैकी अकरा वर्षांत एक दिवस जास्त, एकूण १०,६३१ दिवस. सरासरी महिना २९.५३०५६ दिवसांचा येतो. खऱ्या चांद्रमासाशी एवढा जुळतो की एका दिवसाची चूक पडायला अडीच हजार वर्षं लागतात. फार सुंदर गणित आहे ते. पण एका तालुक्याच्या गावात एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी, चंद्र दिसल्याचं जाहीर करणाऱ्या हिलाल कमिटीकडून काहीच कळलेलं नसताना, आमच्या बोर्डावर ‘१ शव्वाल’, म्हणजे ईदची तारीख, झळकलं. पोरांनी फटाके वाजवले. नंतर कळलं, चंद्र कुठेच दिसलेला नाही, दुसऱ्या दिवशी रोजा आहे. मुतवल्लींचा मला फोन आला. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “ताई, ईद तुमच्या मशीनला कशी काय आधी कळली?”

सरासरी महिना आणि या महिन्याचा चंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पंचांग बघणाऱ्या कुठल्याही घराला ते ठाऊक असतं : अमावस्या संपली म्हणजे चंद्रदर्शन झालं असं नाही. सूर्यसिद्धान्तात चंद्र दिसायला सूर्यापासून बारा कालांश अंतर सांगितलंय, म्हणजे चंद्रास्त सूर्यास्तानंतर ४८ मिनिटांनी. जुन्या अरबी ज्योतिषांकडेही हाच बाराचा आकडा भेटतो. हल्ली जगभर चंद्रकोरीसाठी खगोलशास्त्रज्ञ यालप यांची १९९७ची कसोटी वापरतात. तिच्यात चंद्राची सूर्याहून उंची आणि कोरीची जाडी यांवरून एक आकडा काढतात आणि ‘सहज दिसेल’पासून ‘दुर्बिणीनंही दिसणार नाही’पर्यंत वर्ग पाडतात. तिच्या मुळाशी आपल्या भारतीय खगोलीय पंचांगातली चंद्रदर्शनाची पद्धत आहे, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला होता. आम्ही हा वर्ग दरमहा काढतो आणि आमच्या दिनदर्शिकेत छापतो. पण बोर्डावरची तारीख त्यावर चालत नाही. बोर्डाच्या मागे आता एक हिरवं बटण आहे, वर लिहिलंय ‘चाँद’. एकोणतिसाव्या रात्री कुणीतरी ते दाबेपर्यंत महिना बदलत नाही. आमच्या सगळ्या मालातली सर्वांत स्वस्त गोष्ट तीच, आणि गिऱ्हाइकं घड्याळाची चौकशी करताना पहिल्यांदा तिच्याबद्दलच विचारतात.

किब्ल्याचं, म्हणजे नमाजात तोंड करायच्या मक्केच्या दिशेचं, काम आम्ही मागून आणलं नाही, ते मागे लागलं. नव्या मशिदीचा पाया घालायचा तर दिशा हवी. आपल्याकडे ढोबळपणे पश्चिम म्हणतात. नकाशा पाहिला तर नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, म्हणजे नागपूरला अगदी पश्चिम यायला हवी. येत नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळचा रस्ता आधी उत्तरेकडे वळतो, आणि नागपूरचा किब्ला पश्चिमेच्या आठ अंश उत्तरेला निघतो. मुंबईचा दहा, कोल्हापूरचा जवळजवळ चौदा. लोक मोबाइलचं होकायंत्र धरतात, तेही नेमकं सळ्यांच्या जाळीवर उभं राहून. सळईजवळ होकायंत्र काय वाटेल ते सांगतं.

आम्ही सूर्याला विचारतो. वर्षातून दोनदा, २७-२८ मे आणि १५-१६ जुलैच्या सुमारास, सूर्य दुपारी बरोबर मक्केतल्या काबाच्या डोक्यावर येतो. भारतात तेव्हा मे महिन्यात २ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात, जुलैत २.५७. त्या क्षणी ओळंबा टांगायचा, दोरीच्या सावलीवर खडूनं रेघ मारायची. सावलीच्या उलट दिशेला किब्ला. होकायंत्र नको, सूत्र नको. मीटरभर काठीची सावली कोल्हापुरात ६४-६५ सेंटिमीटर पडते, रेघ मारायला भरपूर. जुलैची तारीख आपल्याकडे कागदावरच राहते, पावसात सूर्य कुठला? त्यामुळे मेच्या त्या दोन दिवसांत नवरा, मी, भाचा आणि ओळखीचे दोन गवंडी पाच गावांत ओळंबे घेऊन उभे असतो. इतर दिवशीही सूर्यावरूनच काढता येतं, फक्त मग सावलीची दिशा आधी गणितानं काढून ठेवावी लागते.

आमचा एक नियम आहे. जुन्या मशिदीचा किब्ला लेखी अर्ज आल्याशिवाय मोजायचा नाही. एकदा मोजला होता. मिहराब, म्हणजे किब्ला दाखवणारा भिंतीतला कोनाडा, थेट पश्चिमेला, फरक तेरा-चौदा अंशांचा. आकडा बाहेर पडताच तरुण मंडळी म्हणायला लागली, सफा (नमाजाच्या रांगा) तिरक्या आखा. पेशइमामांनी शांतपणे सांगितलं की हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) पंचेचाळीस अंशांच्या आतल्या फरकानं नमाज बिघडत नाही, बापजादे याच सफांत उभे राहिले, फरशी आहे तशी राहील. मिटलं. पण महिनाभर गावात मला कुणी धड चहा विचारला नाही.

खगोलज्ञ अल्-बिरूनीनं १०२५च्या सुमारास एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्यामागचा एक हेतू गझनीचा किब्ला नक्की करण्याचा होता. चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये अल्-खलीली नावाचा मुवक्कित, म्हणजे मशिदीचा वेळ सांभाळणारा, होऊन गेला. त्यानं अक्षांश-रेखांशानुसार किब्ल्याचे जवळपास तीन हजार आकडे हातानं काढून तक्ता केला. त्याचं पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझं स्प्रेडशीट मिटून ठेवावंसं वाटलं. नवरा म्हणतो तो आपल्या धंद्याचा मूळ पुरुष, फक्त त्याला जीएसटी नव्हता.

२०१९च्या महापुरात दुकानात छातीभर पाणी होतं. तयार बोर्ड गेले, अब्बांची जुनी भिंगं गेली. २०२०च्या रमजानात मशिदी बंद, विक्री शून्य. त्या महिन्यात आम्ही गावागावांच्या वेळा फुकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या आणि गंमत म्हणजे आजची निम्मी गिऱ्हाइकं तिथून आली. मोबाइल अ‍ॅपनं धंदा खाल्ला का, असं लोक विचारतात. थोडा खाल्ला. पण एकाच घरात बापाच्या मोबाइलवर सहरी एका वेळेला संपते आणि लेकाच्या मोबाइलवर बारा मिनिटांनी, मग दोघं भांडत आमच्याकडे फोन करतात. कुठली पद्धत निवडलीय ते बघा, एवढंच सांगते.

सध्या २०३०ची दिनदर्शिका जुळवतेय. त्या वर्षी रमजान दोनदा सुरू होणार, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि परत डिसेंबरच्या शेवटी. त्याच्या तीस वर्षं आधी, २०००मध्ये, रमजान ईद अशीच दोनदा आली होती, ती अब्बांना आठवते. डिसेंबरचं पान त्यांनी आधी मागितलं. २६ डिसेंबर, कोल्हापूर, इफ्तार ६.०८, वरच्या मिनिटाला नेलेली. चष्मा पुसून त्यांनी रकान्यावरून बोट फिरवलं, खाली ‘वजा करावीत’ असं काही आहे का ते पाहिलं, आणि कागद परत दिला.

“अक्षरं बारीक झालीत,” म्हणाले.