बातमीचा फळा

सांगलीतल्या आपल्या शाळेत परिपाठाला ज्या बातम्या व्हायच्या त्या पेपरातल्या नसायच्या. माझ्या चुलतभावाच्या शाळेत एक मुलगा पुढं येऊन सकाळच्या पेपरातले चार मथळे घडाघडा वाचायचा, पंतप्रधान अमुक देशाला गेले, क्रिकेटमध्ये तमुक जिंकले, आणि बाकीची सगळी पोरं रांगेत विश्राम करून उभी. आपल्याकडं सगळे गोल बसायचे, ताई, म्हणजे आमच्या शिक्षिका, त्या पण खाली सतरंजीवरच, आणि ज्याच्याकडं बातमी असेल त्यानं हात वर करायचा. आमची म्हैस व्याली. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला आहे. आमच्या गल्लीत तीन दिवस नळाला पाणी नाही. मामाचं ठरलेलं लग्न मोडलं (हे पण सांगितलंय एकीनं, आणि ताईंनी शांतपणे तिला विचारलं, आई बरी आहे का गं?). मग त्यातल्या चार-पाच बातम्या दाराजवळच्या छोट्या फळ्यावर लिहायच्या, सांगणाऱ्याच्या नावासकट, आणि तो फळा शाळा सुटेपर्यंत कुणी पुसायचा नाही. पुसायच्या आधी कुणीतरी त्या वहीत उतरवून घ्यायचं, त्याची पाळी असायची.

शाळेच्या रौप्यमहोत्सवासाठी लिही म्हटल्यावर मला आधी हेच आठवलं. शाळेविषयी लिहायचं तर लोक निकाल, बक्षिसं, मोठे झालेले विद्यार्थी यांच्याबद्दल लिहितात, ते इतर कुणीतरी लिहीलच. मला वाटतं आपली शाळा ज्यावर उभी राहिली ती ही रोजची पंधरा-वीस मिनिटं, कारण त्यामुळं प्रत्येकाला प्रत्येकाच्या घरचं माहीत होतं. वर्गात कोण का गप्प आहे हे ताईंना विचारावंच लागायचं नाही.

मी आले तेव्हा शाळा अगदी नवीन होती, विश्रामबागच्या बाजूला एका भाड्याच्या घरात, पुढं अंगण आणि मागं शेवग्याचं झाड. बाबा एसटीत कंडक्टर. तेव्हा नुकतंच २००० सालापासून सरकारनं मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं होतं आणि ज्याला त्याला आपलं पोरगं इंग्लिश मीडियमलाच घालायचं होतं, आणि अशा वेळी आईबाबांनी मला एका मराठी शाळेत घातलं जिथं पहिल्या तीन वर्षांत परीक्षा नाही, नंबर नाही, गणवेश नाही, आणि शिकवणाऱ्यांना सर किंवा बाई न म्हणता ताई-दादा म्हणतात. नातेवाईक म्हणायचे ही खेळायची शाळा आहे, पोरगी सातवीनंतर कुठंच टिकणार नाही. आईचं एकच म्हणणं होतं, ती सकाळी उठून स्वतः तयार होते, रडत नाही, मला एवढं बास आहे.

फी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं असायची हे मला खूप उशिरा कळलं, कॉलेजला गेल्यावर. वर्गात एका डॉक्टरांची मुलगी होती, मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा होता, आम्ही होतो, आणि कोण किती भरतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. डबे मात्र माहीत होते. सगळे डबे मधे ठेवायचे आणि वाटून खायचं, आणि ज्याच्या डब्यात भाकरी-ठेचा असायचा त्याच्याभोवती गर्दी, हे अगदी खरं आहे, कारण बाकी आम्ही सगळे रोज पोळीभाजीला कंटाळलेलो.

त्या हमालाच्या मुलानं एकदा बातमी सांगितली की आज यार्डात हळदीचे सौदे निघाले आणि वडील रात्री उशिरा येणार. सौदा म्हणजे काय? असं कुणीतरी विचारलं, आणि त्याला ते नीट सांगता येत होतं, कोण बोली बोलतं, पोत्यातली हळद हातात घेऊन मोडून कशी बघतात, आत रंग कसा हवा. तो पोरगा एरवी वाचनात मागं होता आणि त्या दिवशी त्यानं आम्हाला शिकवलं आणि ताई वहीत लिहून घेत बसल्या होत्या. मग हरिपूरहून येणारी एक मुलगी म्हणाली आमच्या इथं हळद जमिनीत ठेवतात. झालं, पुढच्या आठवड्यात आख्खा वर्ग हरिपूरला. कृष्णा-वारणेचा संगम बघितला आणि मग पेवं बघितली. जमिनीत खोल खणलेले मोठे खड्डे, वरून तोंड लहान, आत हळद वर्षानुवर्षं राहते आणि कीड लागत नाही, कारण तिथली माती तशी आहे आणि तोंड बंद केलं की आत हवाच नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, गुदमरून माणूस जाऊ शकतो, हे तिथल्या एका आजोबांनी सांगितलं तेव्हा आम्ही सगळे दोन पावलं मागं सरकलो. परत आल्यावर गणितात पेवाचं घनफळ, विज्ञानात ऑक्सिजन, मराठीत त्या आजोबांना पत्र. पुस्तकातला धडा त्या आठवड्यात उघडला नाही आणि कुणाचं काही अडलं नाही.

आणि मग २००५ चा पूर.

सांगलीच्या माणसाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी सांगावी लागत नाही, ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. त्या जुलैच्या शेवटी पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता आणि परिपाठात रोज एकच बातमी, आज पुलाला किती फूट, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय. ताईंनी त्याचा आलेख करायला लावला, भिंतीवर मोठा कागद लावून, रोज एक ठिपका. मग कर्नाळ रोडची, दत्तनगरची, सूर्यवंशी प्लॉटमधली मुलं यायची बंद झाली. मग शाळाच बंद झाली. पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, मारुती चौकात होड्या.

आमची शाळा उंचावर, तिथं पाणी आलं नाही. पालकांनीच ठरवलं की ज्या मुलांच्या घरात पाणी शिरलंय त्यांनी घरच्यांसकट इथं यायचं. मीटिंग वगैरे काही झाली नाही, कारण कोण कुठं राहतं, कुणाची आजी अंथरुणाला खिळलेली आहे, कुणाकडं तान्हं बाळ आहे, हे सगळ्यांना रोजच्या बातम्यांतून माहीतच होतं. बाबा आणि अजून दोघं पालक यादी घेऊनच निघाले. यादी करायला त्यांना बातम्यांची वही लागली, हे मी स्वतः बघितलंय. वर्गात संसार मांडले होते, अंगणात मोठ्या पातेल्यात खिचडी, डॉक्टरकाकू पायांच्या जखमा बघत होत्या आणि हमालदादा पिण्याच्या पाण्याचे कॅन उतरवत होते. आम्हा मोठ्या मुलांकडं लहानांना सांभाळायचं काम. रात्री गोष्टी.

पाणी उतरल्यावर शाळा परत भरली तो परिपाठ मला आयुष्यभर पुरेल. कुणीच हात वर करेना. मग हरिपूरची ती मुलगी म्हणाली, पेवात पाणी गेलं, सगळी हळद गेली. त्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं बाद झाली, ती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाहीत. पण आम्ही ती आतून बाहेरून बघितलेली होती म्हणून आम्हाला कळलं की काय गेलं. ती रडली, मग आम्हीही. ताईंनी त्या दिवशी फळ्यावर एकच ओळ लिहिली आणि तास घेतले नाहीत, सगळे मिळून दोन घरं झाडायला गेलो, चिखल काढायला. २०१९ ला पाणी ५७ च्याही वर गेलं तेव्हा मी इथं नव्हते, पण व्हॉट्सअॅपवर आपल्या बॅचचा ग्रुप ज्या स्पीडनं हलला ते बघून मला नवल वाटलं नाही.

आता मी अमेरिकेत, मिनेसोटात सेंट पॉलला राहते, आणि हे सगळं इतकं आठवण्याचं एक कारण म्हणजे माझी मुलगी इथल्या एका छोट्या चार्टर शाळेत जाते. चार्टर शाळा म्हणजे काय हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं म्हणून सांगते. ही खाजगी शाळा नाही. फी नाही, सरकार प्रत्येक मुलामागं पैसे देतं, पण चालवतात शिक्षक, पालक आणि आसपासचे लोक, इथं मिनेसोटात त्यांचं निवडून दिलेलं मंडळ असतं. कसं शिकवायचं याची बरीच मोकळीक, बदल्यात देखरेख करणाऱ्या संस्थेशी काही वर्षांचा करार, आणि त्यात सांगितलेलं झालं नाही तर शाळा बंद होऊ शकते, होतातही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात, ओळख चालत नाही, परीक्षा घेऊन निवडायचं नाही. अमेरिकेतला असा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटातच झाला आणि देशातली पहिली चार्टर शाळा १९९२ मध्ये याच सेंट पॉलमध्ये उघडली.

तर मुलीच्या शाळेत शुक्रवारी सगळे गोल बसतात. मी पहिल्यांदा गेले आणि दारातच थांबले. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळी मुलं जमिनीवर, शिक्षक पण जमिनीवर, आणि मुलं आपापल्या घरच्या बातम्या सांगतायत. सोमाली घरातल्या एका मुलानं सांगितलं बहीण झाली, एका ह्मोंग (आग्नेय आशियातून इथं आलेला समाज) मुलीनं सांगितलं आजीनं बाजारात भाजीचा स्टॉल लावला. माझ्या मुलीनं सांगितलं की सांगलीला आबांनी हळद शिजवायला घेतलीय (बाबा रिटायर झाल्यावर वाट्यानं हळद करतात). का शिजवतात? असं लगेच एकानं विचारलं, आणि आम्हाला रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावावा लागला, ते शेतात उभं राहून कायलीसकट सगळं दाखवत होते, भयंकर खुश. सगळ्यांनी घरून करून आणायचं असं जेवण असतं वर्षातून काही वेळा, आपली अंगतपंगतच, त्याला सोमाली सांबुसा (आपल्या समोशासारखे) असतात आणि मी भडंग नेते, सांगलीसारखं तिखट. सगळ्यात आधी संपतं.

सगळ्या चार्टर शाळा अशा असतात असं मुळीच नाही. कितीतरी नुसत्या टेस्टच्या मागं लागलेल्या आहेत, काही पैशांच्या घोळात बंद पडल्या, आणि मूल चार्टरला गेलं की त्याच्यामागचा पैसाही तिकडं जातो, मग नेहमीच्या सरकारी शाळा कोरड्या पडतात, हा इथल्या शिक्षक संघटनांचा आक्षेप मला बराचसा बरोबर वाटतो. पण एक गोष्ट मनात खुपते. इथं आपल्या शाळेसारखी शाळा काढायची तर शिक्षकांच्या पगाराचा पैसा सरकारकडून येतो. जागेच्या भाड्यासाठी वेगळी मदत मिळते. आणि आपल्या ताई?

आपली शाळा विनाअनुदानित. तेव्हा तर 'कायम विनाअनुदानित' हाच शिक्का असायचा, २००९ मध्ये त्यातला 'कायम' गेला, पण पुढं अनुदान म्हणजे २० टक्के, ४० टक्के अशा पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांसाठी राज्यभरातले शिक्षक आझाद मैदानावर जाऊन बसतात. आपल्या ताईंनी काय पगारावर आम्हाला शिकवलं ते मला आता, स्वतः पगार घ्यायला लागल्यावर कळतं. हरिपूरच्या सहलीच्या रिक्षाचे पैसे कुणी दिले होते? मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मोफत आणि सगळ्यांसाठी असलेली, पोरांना माणूस म्हणून वागवणारी मराठी शाळा ही सरकारची जबाबदारी आहे असं मी मानते, दोन-चार ताईंच्या त्यागाची नाही. ते भांडण आपण भांडलंच पाहिजे. पण तोपर्यंत महिना निघतोच आणि पगाराची तारीख येतेच.

म्हणून महोत्सवाच्या निमित्तानं एक सरळ प्रस्ताव मांडते. कमान, पुतळा, एसी हॉल असलं काही नको. माजी विद्यार्थ्यांनी दरमहा ज्याला जे जमेल ते, बाबांच्या वेळी फी होती तशीच, ऐपतीप्रमाणं आणि कोण किती देतं हे कुणाला न सांगता, फक्त शिक्षकांच्या पगारासाठी वेगळ्या खात्यात टाकायचं. हिशोब दर तीन महिन्यांनी पालकसभेत वाचायचा. आमच्या बॅचमध्ये दोघंजण सीए आहेत, ते खात्याचं आणि कागदपत्रांचं बघतो म्हणालेत, सध्याच्या ताई-दादांशी आणि विश्वस्तांशी फोनवर एकदा बोलणं झालंय, त्यांना हरकत नाही. मी डिसेंबरात सांगलीला येतीय. ज्यांना यात यायचंय त्यांनी आपापल्या बॅचमधून एकेक नाव द्या, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतच बसू, डबे घेऊन या.